दोष पायाचा की ब्रेकचा?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न पडला तो विषयाचा. पाऊस, मैत्री, आई आणि आमची मेस हे चारही विषय दरवर्षीप्रमाणे आधीच बुक झालेले! त्यात मी पडले कॉन्व्हेंटवाली. बाराखडी शाळेत कमी आणि आजीच्या मांडीवर जास्त शिकलेली. त्यामुळे भातात खडा लागावा तसा या लेखात मधूनमधून इंग्रजी शब्द लागेल, तो वाचकांनी बाजूला काढून ठेवावा ही विनंती.

विषय आहे ब्रेक बूस्टर. तुम्ही म्हणाल, हा तर टेक्निकल सेक्शनचा विषय. मलाही तसंच वाटलं होतं. पण ही गोष्ट आमच्या घरात घडली ती पूर्णपणे मराठीत घडली, म्हणून ती इथेच बरी.

हॉस्टेलवर कुणी "तू कुठली?" म्हणून विचारलं आणि मी "कुरखेडा" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते कुठे आलं?" तर मित्रांनो, कुरखेडा गडचिरोली जिल्ह्यात येतं. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. आमचं जवळचं रेल्वे स्टेशन वडसा. चहूकडे धानाच्या बांध्या, जंगलात मोह आणि तेंदू, आणि दिवाळी झाली की गावोगावी मंडई आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. यानंतर तिसरा प्रश्न येतो तो आवाज हळू करून, "तिकडे भीती नाही का वाटत?" वाटते ना! मागच्या दिवाळीत वाटली होती. कोरचीहून परत येताना, बेडगावच्या घाटात, ब्रेक न लागण्याची.

आमच्याकडे मोठे बाबा आहेत. म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. वय वर्षे ६७. गावात आमची लहानशी धान गिरणी आहे, ती तेच बघतात. आणि त्यांच्याकडे आहे एक काँटेसा क्लासिक. हल्लीच्या ज्युनिअर्सना हे नाव माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४ मध्ये आणली, इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यावरून. सुरुवातीला तिला अॅम्बॅसॅडरचंच १४८९ सी.सी.चं इंजिन होतं. म्हणजे अंग पैलवानाचं आणि दम पोस्टमनच्या सायकलचा! पुढे इसुझूचं १८१७ सी.सी.चं पेट्रोल इंजिन बसलं आणि ती 'क्लासिक' झाली. २००२ मध्ये काँटेसा बंद पडली, २०१४ मध्ये अॅम्बॅसॅडरही. मोठ्या बाबांनी आमची १९९३ची गाडी २००५ साली नागपूरहून सेकंडहँड आणली, तेव्हा नंबर होता एमएच-३१ आणि कुणी ती घ्यायला तयार नव्हतं. पेट्रोल पिते म्हणून.

पण आमच्याकडे ही गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. रात्री-बेरात्री कुणाच्या घरी बाळंतपणाची घाई झाली की दारावर थाप पडायची, "भाऊजी, गाडी काढा जी!" आणि मोठे बाबा लुंगीवर शर्ट चढवून निघायचे. मागच्या सीटवर सहा बायका कोंबून नाटकाला न्यायचे. कुरखेड्यात त्यांची ओळख अशी की, गिरणीवाले नंतर, गाडीवाले आधी.

मागच्या दिवाळीत मी सुट्टीवर गेले होते. पुण्याहून दादा, म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगाही आला होता. कोरचीकडच्या एका मंडईहून आम्ही परत येत होतो. दिवस बुडत आलेला. घाटाच्या उतारावर एका वळणाच्या पुढे गुरं रस्त्यात उभी. मोठ्या बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबेना. मग ते सीटवरून अर्धे उठले आणि दोन्ही पायांनी पेडलवर उभे राहिल्यासारखे झाले. गाडी थांबली तेव्हा पुढच्या गाईचं शिंग आणि आमचं बॉनेट यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. किल्ली द्या."

दादाचं अगदीच चुकत होतं असं नाही. मोठ्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. पायाला मुंग्या येतात हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं होतं. शिवाय ब्रेकची तक्रार नवीन नव्हती. "पाय दाबून रायलो, पन गाडी ऐकत नाही," असं ते पावसाळ्यापासून म्हणत होते. म्हणून दसऱ्याच्या आधी गाडी शहरातल्या एका गॅरेजात देऊन झाली होती. तिथे पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं, लाइनमधली हवा काढली, भलंमोठं बिल केलं आणि वर सांगितलं की गाडी ओके आहे, काकांचं वय झालं. झालं! गाडी ओके म्हटल्यावर दोष उरला कुणात? पायात.

मोठ्या बाबांनी वाद घातला नाही. किल्ली काढून कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला लावली आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीत पायी गेले. दुपारी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर ते खाटेवर बसून उजवा पाय भिंतीला लावून दाबून बघत होते. मला पाहून पाय खाली घेतला आणि म्हणाले, "आता पायात दम नाही राहिला वो बाई."

ते वाक्य मला फार लागलं. ज्या माणसाला सगळा गाव रात्री दोन वाजता हाक मारतो, तो माणूस स्वतःच्या पायावर संशय घेऊन बसला होता. पाय खरंच गेला असेल तर किल्ली काढणं बरोबर. पण तसं कुणी मोजलं होतं का? मेकॅनिकलच्या मुलीला हा प्रश्न पडणारच.

तर आता थोडी थिअरी. घाबरू नका, व्हायवा घेत नाही.

ब्रेकच्या पेडलचे आजार दोन प्रकारचे. पेडल पोकळ लागतं, स्पंजासारखं खाली जातं, तर दोष ऑइलच्या बाजूचा. लाइनमध्ये हवा असेल, कुठे गळती असेल. पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि गाडी तरी थांबत नाही, तर आधी संशय घ्यायचा तो मदतीच्या बाजूचा. ही मदत करतो तो ब्रेक बूस्टर. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला, मोठ्या डब्यासारखा दिसणारा काळा गोल पार्ट. आत रबरी पडदा असतो, तो डब्याचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे करतो. पेट्रोल इंजिन पुढच्या कप्प्यातली हवा पाइपमधून ओढून घेतं आणि पेडलवर पाय नसताना दोन्ही कप्प्यांत सारखीच पोकळी असते. आपण पेडल दाबलं की एक झडप उघडते आणि मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. आता पडद्याच्या एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला पोकळी. पडदा पुढे ढकलला जातो आणि आपल्या पायाच्या जोडीला तोही जोर लावतो.

हा जोर किती? समजा पडदा २०० मि.मी. व्यासाचा आहे आणि दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ६५ किलोपास्कल आहे. क्षेत्रफळ गुणिले दाब केलं की उत्तर येतं सुमारे २००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २०० किलोचं बळ. दोन धानाची भरलेली पोती आपल्या पायाच्या बाजूने ढकलत असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो! बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती काढली आणि बॉशने ती बाजारात आणली. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे.

मग मी दादाला म्हटलं, "गाडी घाटात नेऊ नकोस, अंगणातच तपासू." तो हो म्हणाला, कारण बाहेर ऊन होतं आणि त्याला दुसरं काम नव्हतं.

पहिली परीक्षा अशी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधली उरलेली पोकळी संपते. मग पेडलवर पाय दाबून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली जातं. आमचं गेलं नाही. अजिबात नाही.

दुसरी परीक्षा. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करायचं आणि पेडल थांबून थांबून दाबायचं. पहिल्यांदा ते खोल जायला हवं, नंतर दर वेळी थोडं थोडं वर थांबायला हवं, कारण साठवलेली मदत खर्च होत जाते. आमचं पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकाच जागी, दगड! म्हणजे साठाच नव्हता.

हे सगळं पेडलवर पाय ठेवून कोण करत होतं? दादा. वय २९, रोज जिमला जाणारा. मी विचारलं, "कसं लागतंय?" तो म्हणाला, "घट्ट आहे गं. पण जुनी गाडी, असंच असणार." मी काही बोलले नाही. आत जाऊन आईचा वजनकाटा घेऊन आले.

हा काटा स्प्रिंगचा, जुना. तो भिंतीला उभा टेकवला, समोर खुर्ची ठेवली, काटा शून्यावर आणला आणि मोठ्या बाबांना म्हटलं, "ब्रेक मारता तसा पाय मारा." ते म्हणाले, "काहून वो? माझं वजन करून रायली का पायाचं?" पण मारला. काटा ५५ किलोवर गेला. तीन वेळा करून बघितलं, कधी ५३, कधी ५६. आता ऐका. मोटारगाडीच्या ब्रेकच्या चाचणीसाठी युरोपच्या नियमांत पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन बळ धरतात, म्हणजे सुमारे ५१ किलो. तेवढ्यात गाडी ठरलेल्या अंतरात थांबलीच पाहिजे. रोजच्या ब्रेकला तर याच्या कितीतरी कमी लागतं. ६७ वर्षांचा, शुगर असलेला तो पाय परीक्षेत पास झाला होता. काटा काही लॅबमधला नव्हता, पण 'दम नाही राहिला' आणि ५५ किलो यांच्यातला फरक सांगायला तो पुरेसा होता. मुंग्या येणं ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी डॉक्टर आहेत. पण बळ होतं.

मोठे बाबा काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग दादाकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "तू मार बरं." दादाचा आला ९२. मोठे बाबा हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

आता पायाचा प्रश्न सुटला, गाडीचा राहिला. बसस्टँडजवळचे मिस्त्रीभाऊ आले. त्यांचा हात काळी-पिवळी जीपवर बसलेला. बॉनेट उघडून त्यांनी आधी विचारलं, "ताई, याचा पंप कुठं हाय?" प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त गाडी दुसरी होती. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून तिथे ही पोकळी आयती मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो आणि जीपमध्ये तो बहुधा आल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच पंप. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग पाइप काढून पाहू."

इंजिन चालू ठेवून बूस्टरकडचा पाइप काढला आणि तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा चांगला ओढला गेला. म्हणजे इंजिन पोकळी देत होतं, पाइप फाटलेला नव्हता. मग पाइपमधली एकतर्फी झडप काढून फुंकून बघितली. बूस्टरच्या बाजूने फुंकलं की हवा जाते, इंजिनच्या बाजूने फुंकलं की अडते. तीही ठीक. मदत दारापर्यंत येत होती, घरात शिरून नाहीशी होत होती.

पाइप परत बसवला आणि दादाला पेडल दाबून धरायला सांगितलं. त्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. त्याच्या पायाजवळ सुसु असा आवाज सुरू झाला आणि तो थांबेचना. आणि इतका वेळ शांत चाललेलं इंजिन थरथरायला लागलं. पाय काढला की दोन्ही बंद. याचा अर्थ सरळ आहे. पाय नसताना दोन्ही कप्प्यांत पोकळी, त्यामुळे पडदा फाटका असला तरी कळत नाही. पाय दाबला की मागे हवा शिरते, फाटक्या पडद्यातून पुढे जाते आणि तिथून इंजिनात. इंजिनाला नको असलेली हवा मिळते म्हणून ते अडखळतं.

पण पडदा फाटला कशाने? इथे मिस्त्रीभाऊंनी बाजी मारली. त्यांनी मोठ्या बाबांना विचारलं, "ब्रेक ऑइल किती वेळा टाकता जी?" मोठे बाबा म्हणाले, "महिन्या-दीड महिन्याला टाकतो थोडं." "खाली गळते?" "नाही." "चाकाला ओलं?" "नाही." "मंग जाते कुठं?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मिस्त्रीभाऊंनी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडले, सिलिंडर अलगद पुढे ओढला आणि मागच्या तोंडात बोट घातलं. बोट ओलं! मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलेलं होतं आणि ऑइल गुपचूप बूस्टरच्या पोटात उतरत होतं. आतल्या रबराला ते मानवत नाही. तीस वर्षांचं रबर, त्यात वर्षभर भिजलेलं, मऊ पडून फाटलं. उरलेलं थोडं ऑइल पाइपवाटे इंजिन ओढून घेत होतं. म्हणून सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि आम्ही सगळे म्हणायचो, थंडी पडली!

गाडी बनवणाऱ्यांना यात दोष देता येत नाही. रबर म्हातारं होतंच. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पडदा एका दिवसात फाटत नाही. फट रोज थोडी थोडी वाढते, पेडल रोज थोडं थोडं घट्ट होतं. आणि अशी गोष्ट हळूहळू होते तेव्हा दोष यंत्रावर येत नाही, तो वापरणाऱ्या माणसाच्या वयावर जातो. माणूस म्हातारा असला तर त्याची तक्रार कुणी तपासत नाही. नुसती समजून घेतात, मान हलवतात आणि किल्ली काढून घेतात.

पार्ट नवीन मिळणं कठीणच. दादा स्वतः बूस्टर आणि मास्टर सिलिंडर पिशवीत घालून वडसामार्गे नागपूरला गेला. तिथे जुने बूस्टर उघडून पडदा आणि सील बदलून देणारा कारागीर सापडला. खर्च आपल्या मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढा. चौथ्या दिवशी मिस्त्रीभाऊंनी सगळं बसवलं, लाइनमधली हवा काढली. इंजिन बंद, पेडल पाच वेळा, पाय दाबून स्टार्टर... आणि पेडल पायाखाली हळूच खाली गेलं. मोठ्या बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहिण्याइतकं माझं मराठी चांगलं नाही.

किल्ली दादानेच खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. पण पुढचं ऐकण्यासारखं आहे. मोठे बाबा म्हणाले, "दिवस बुडाल्यावर घाटात मी नेणार नाही. पायाला मुंग्या येतात, ते खरं आहे. पण ते मी ठरवलं, तुम्ही नाही." दादा म्हणाला, "बरोबर आहे बाबा." विषय संपला.

आता जाता जाता कामाचं. सुट्टीत घरी जाल तेव्हा वडिलांच्या, काकांच्या गाडीची ती अंगणातली पहिली परीक्षा एकदा करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ब्रेक ऑइल वारंवार कमी होत असेल आणि खाली थेंब दिसत नसेल तर फक्त वरून भरत राहू नका. आणि पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन कधीही बंद करू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकांपुरतीच मदत शिल्लक असते, त्यानंतर पेडल दगड. चालत्या गाडीत असं झालंच तर घाबरून पाय काढू नका. बूस्टर गेला तरी ब्रेक जात नाही, फक्त सगळा जोर आपल्याला लावावा लागतो. पूर्ण ताकदीने दाबा आणि गिअर खालचा टाका.

आजीने मला लहानपणी एक शब्द शिकवला होता, तो या दिवाळीत नव्याने कळला. 'निदान'. डॉक्टर रोगाचं करतात ते निदान. आणि "निदान एकदा तरी विचार" म्हणतो तेही निदानच. मला पूर्वी वाटायचं की एकाच शब्दाचे हे दोन अर्थ उगाच आहेत. आता वाटतं, आपल्या भाषेने ते जवळजवळ ठेवलेत ते बरं केलं. कुणाच्या पायाचं, डोळ्यांचं किंवा आठवणीचं निदान करण्याआधी, निदान एकदा पेडल तपासावं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी